कापगतेभाऊंचा हातगुण

माणसाबद्दल वाईट लिहायचे असेल तर तो जिवंत असताना लिहावे, आणि त्याआधी ते त्याला तोंडावर सांगितलेले असावे, असे माझे मत आहे. कापगतेभाऊ जिवंत आहेत. त्यांना जे सांगायचे ते मी भर वॉर्डात, पंधरा माणसांसमोर सांगितलेले आहे. त्यांनी ते मान हलवत, किंचित हसत ऐकून घेतले, जणू मी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होते. तेव्हा इथे लिहिण्याला त्यांची हरकत असायचे कारण नाही.

रामपायलीच्या रस्त्याला लागून असलेल्या त्यांच्या गावात आणि आजूबाजूच्या दहा-बारा गावांत सगळे त्यांना डाक्टर म्हणतात. ते डॉक्टर नाहीत. बालाघाटमधल्या एका जुन्या डॉक्टरांकडे ते बावीस वर्षे कंपाउंडर होते. मी गोंदियाहून नर्सिंग शिकून, लग्न होऊन बालाघाटला आले, तेव्हा माझी पहिली नोकरी त्याच दवाखान्यात होती. डॉक्टर आतल्या खोलीत बसत. बाहेरच्या खोलीत एका टोकाला कापगतेभाऊ आणि दुसऱ्या टोकाला मी. आमच्यामध्ये एक हिरवा पडदा, आणि पडद्यापलीकडून दिवसभर त्यांचा आवाज.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. सुई टोचावी तर त्यांनीच. त्यांचा हात कापसासारखा हलका होता. माणसाला ते त्याच्या बैलाचे किंवा म्हशीचे नाव विचारत, आणि तो नाव सांगेपर्यंत सुई आत जाऊन बाहेर आलेली असे. रडणारी पोरे त्यांच्यासमोर गप्प बसत. मी नर्सिंगच्या शाळेत जे तीन वर्षांत शिकले नव्हते ते त्यांच्याकडे बघून तीन आठवड्यांत शिकले, आणि आजही माझ्या हाताखालच्या मुलींना तेच शिकवते. कबूल करण्यासारखे एवढेच आहे. यापुढे काही नाही.

लोक म्हणत, कापगतेच्या हाताला गुण आहे. आमच्या भागात ही साधी बाब नाही. डॉक्टरकडे डिग्री असते, पण हातगुण असेलच असे नाही. आणि हातगुण असला की डिग्री कोणी विचारत नाही. कोणाच्या हातचे पेरलेले उगवते, कोणाच्या हातचे लोणचे टिकते, तसे कोणाच्या हातची सुई लागू पडते. लोकांनी असे म्हणावे याला माझी तक्रार नाही. तक्रार ही की भाऊंना ते स्वतःला पटले.

कधी पटले तेही मला माहीत आहे, कारण मी तिथे होते. बिरसा गावाकडच्या जंगलातून एका माणसाला जीपमध्ये घालून आणले होते. मध काढायला चढला होता, आग्या मोहोळाने धरला. ओठ वांग्यासारखे, डोळे मिटलेले, घशातून शिट्टी वाजल्यासारखा श्वास. डॉक्टर धावत आले आणि त्यांनी स्वतः मांडीत ॲड्रेनॅलिन दिले. जीव वाचवला तो त्या सुईने. मग त्यांनी भाऊंना दुसरी एक शिशी दाखवून सांगितले, हे शिरेतून दे. ती डेक्सामेथासोनची शिशी होती, स्टेरॉइड. ते सावकाश काम करते. सूज पुन्हा उलटू नये म्हणून देतात. भाऊंनी ते भरेपर्यंत, शीर शोधेपर्यंत पहिल्या औषधाने आपले काम केले होते. भाऊंची सुई बाहेर आली आणि तो माणूस बोलला, "पानी." नातेवाईक भाऊंच्या पाया पडले. डॉक्टर तोवर हात धुवायला आत गेले होते.

संध्याकाळी मी म्हटले, "भाऊ, तो डॉक्टरांच्या सुईनं वाचला. तुमची नंतरची."

"हौ जी," ते म्हणाले. "पण बोलला कवा? माही सुई निंगाल्यावर."

हे त्यांनी चेष्टेत म्हटले असे मला तेव्हा वाटले. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते.

डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला. मी दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात लागले, जिथे आज इंजेक्शनच्या खोलीची आणि बायकांच्या वॉर्डाची जबाबदारी माझ्याकडे आहे. भाऊ आपल्या गावी गेले आणि त्यांनी रस्त्यावर दोन खोल्यांचा दवाखाना काढला. पाटीवर डिग्री नव्हती. तिच्या जागी लिहिले होते, 'बावीस वर्षांचा अनुभव'. कशाचा, ते लिहिले नव्हते.

माझी नणंद शकुनबाई त्याच गावात दिलेली असल्यामुळे माझे तिकडे जाणे होई, आणि जाऊन भाऊंना न भेटता परतणे बरे दिसले नसते. त्यांचा कारभार मी तिथे पाहिला. तिथे गोळी नव्हती. "गोळी म्हंजे फुटाणे," ते म्हणत. "पोटात जाते, पोटातच राह्यते. सुई रक्तात जाते." ताप, कंबर, गुडघा, खोकला, अशक्तपणा, नवऱ्याने मारलेले, परीक्षेत नापास झालेले, सगळ्यांना सुई. आणि सुई एकच. तिला ते 'ताकदीची' म्हणत.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ते एका स्टीलच्या डब्यात पाणी घेऊन त्यात त्या दिवसाच्या शिश्या भिजत घालीत, जसे आपण वाटाणे भिजत घालतो. कागद भिजला की अंगठ्याच्या नखाने लेबल सोलून काढायचे. सगळ्या शिश्या नागड्या करून, पुसून, ओळीने मांडायच्या. मी विचारले, हे काय. तर म्हणाले, "नाव वाचलं का लोक मेडिकलमधून आणतेत अन् कोन्या बी पोट्ट्याच्या हातानं लावून घेतेत. नुकसान त्याईचंच होते." म्हणजे लोकांच्या काळजीपोटी. त्या सोललेल्या शिश्यांपैकी एक उचलून मी उजेडात धरली, पण नुसत्या पाण्यासारख्या औषधाकडे बघून काय कळणार? मला अंदाज मात्र आला होता. दोन तासांत कंबर पळवून लावणारे, भूक लावणारे आणि म्हाताऱ्यांना नाचवणारे स्वस्त औषध एकच आहे, मोहोळाच्या दिवशी भाऊंच्या हाती आलेले ते स्टेरॉइड.

त्या औषधाच्या मी विरुद्ध नाही. दम्याने निळा पडलेला माणूस त्याने गुलाबी होतो. दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या बाईला ते दिले तर आतल्या बाळाची फुफ्फुसे तयार होतात. मी ते शेकडो वेळा टोचले आहे. डॉक्टरांनी लिहून दिल्यावर, मोजून, आणि किती दिवस ते ठरवून. कंबर दुखते म्हणून दिले तरी दुखणे पळते, पण कंबरेत जे बिघडलेले असते ते तसेच राहते, फक्त ओरडायचे थांबते. आतल्या आत साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, दबून बसलेला क्षय उठतो. शिवाय आपल्या मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी बसलेल्या असतात. त्या याच जातीचे द्रव्य रोज स्वतः बनवतात आणि त्यावर आपण उभे असतो. बाहेरून फुकट मिळते म्हटल्यावर त्या काम सोडतात. महिनोन्महिने सुया घेऊन एके दिवशी अचानक बंद केल्या तर त्या जाग्या होत नाहीत. मग साधी हगवणही माणसाला घेऊन जाऊ शकते.

हे मी भाऊंना एकदा सांगितले. रोवणीचे दिवस होते. चिखलात दिवसभर वाकून धानाची रोपे लावणाऱ्या बायका सकाळी सहा वाजता त्यांच्या ओसरीत रांगेत उभ्या होत्या. एकेकीने पदर बाजूला करावा, दंड पुढे करावा आणि शेताकडे चालू लागावे. भाऊ सुई बदलत होते; पिचकारी, म्हणजे औषध भरायची सिरिंज, बदलत नव्हते. त्याबद्दल मी बोलले तर म्हणाले, "सुई आत जाते जी, पिचकारी कुठं आत जाते?" मग मी ग्रंथींचे सांगितले. त्यांनी पुढच्या बाईचा दंड पुसता पुसता ऐकले आणि तिलाच विचारले, "काय गं जना, तुही ग्रंथी झोपली काय?"

"माहा बुढा झोपला आहे," ती म्हणाली. "त्याले उठवाची सुई असन तं द्या." रांग हसली. भाऊही हसले. माझे बोलणे तिथे संपले.

पण त्यांच्या दवाखान्यातली पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे भिंत होती. भिंतीवर त्यांनी रुग्णांचे फोटो लावले होते. प्रत्येकाचे दोन. एकाखाली 'आधी', एकाखाली 'नंतर'. आधीच्या फोटोत गालफडे बसलेली, गळ्याची हाडे वर आलेली आमच्या भागातली साधी माणसे. नंतरच्या फोटोत तीच माणसे, पण चेहरा पुरीसारखा फुगून गोल झालेला, गालांवर लाली, मान खांद्यात गेलेली. मी वीस वर्षे वॉर्डात काढलेली बाई. मला ती भिंत म्हणजे एकाच आजाराची बारा चित्रे दिसली. स्टेरॉइड अंगात साठले की असा चेहरा होतो. गावाला मात्र ती तब्येत दिसत होती. आमच्याकडे 'तब्येत बनली' म्हणजे गाल भरले. कोणी बारीक माणूस फुगला की लोक त्याच्या घरच्या दुधाची चौकशी करतात.

"भाऊ, ही तब्येत नाही. हा औषधाचा परिणाम आहे. सूज आहे ही."

"सूज दाबली का खड्डा पडते," ते म्हणाले. ओसरीतल्या एका गोल चेहऱ्याच्या माणसाला त्यांनी आत बोलावले आणि त्याचा गाल अंगठ्याने दाबला. "पाहा. पडला काय खड्डा? नाई ना. मंग हे मांस आहे."

अर्धवट शिकलेल्या माणसाचे हेच असते. पायाच्या सुजेबद्दल ऐकलेला नियम त्याने गालाला लावला, आणि नियम बरोबर निघाला. दाबलेला माणूस खूश होऊन माझ्याकडे बघत होता.

त्या भिंतीवर फिरतूजी नावाच्या एका म्हाताऱ्याचाही फोटो होता. त्याला साखरेचा आजार होता. भाऊंच्या सुयांनी साखर इतकी चढली की अंगठ्याची जखम चिघळून पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो आमच्याच वॉर्डाशेजारी होता. मी त्याचे ड्रेसिंग पाहिले आहे. फोटो मात्र भिंतीवरून उतरला नाही. तो छातीपर्यंतचाच होता.

आता वैशालीचे.

वैशाली शकुनबाईंची मुलगी, माझी भाची. बारीक, उंच, धावण्यात शाळेत पहिली येणारी. तब्येतीने ठणठणीत होती, फक्त दिसायला काडी. दोन ठिकाणांहून नकार आला. दोन्हीकडून निरोप एकच, पोरगी वाळलेली आहे. दिवाळीनंतर शकुनबाई तिला भाऊंकडे घेऊन गेल्या. मला विचारले नाही. विचारले असते तर मी काय म्हणाले असते हे त्यांना माहीत होते, म्हणूनच.

वैशाखात लग्न ठरले. वैनगंगेपलीकडचे घर, शेती बरी, मुलगा शिकलेला. हळदीच्या दिवशी मी वैशालीला पाच-सहा महिन्यांनी पाहिले. चेहरा गोल, गाल लाल, मानेमागे मांसाचा लहानसा उंचवटा. बायका म्हणत होत्या, नवरीवर तेज आले. मी शकुनबाईंना बाजूला घेऊन विचारले, "हिले काय देऊन राह्यल्या तुमी?"

"काही नाई वो वहिनी. दूध-केळं."

दूध-केळ्याने मानेमागे उंचवटा येत नाही. हे मला त्या क्षणी माहीत होते. पण मांडव लागलेला, पाहुणे आलेले, माझ्या हातात हळदीची वाटी. मी पुढे गेले आणि नवरीला हळद लावली. भाऊंना मी जे बोलले त्यातले थोडे माझ्याही वाट्याला येते, हे मला ठाऊक आहे.

लग्न झाले, वैशाली सासरी गेली, सुया बंद झाल्या. वीसेक दिवसांनी, उन्हाळ्याच्या हगवणीचे निमित्त होऊन, सकाळी अकराला तिला आमच्या दवाखान्यात आणले. डोळे खोल गेलेले, रक्तदाब लागत नव्हता, उलट्या थांबत नव्हत्या. सलाइनच्या दोन बाटल्या धावत गेल्या तरी दाब वर येईना. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होते, जबलपूरकडचे, नवीन, पण हुशार. मी चादर बाजूला करून त्यांना तिचे पोट दाखवले. पोटावर जांभळ्या रेघा होत्या, रोपे उपटल्यावर चिखलात राहतात तशा.

ते एकदम सावध झाले. "सिस्टर, इसको कोई इंजेक्शन चल रहा था क्या? स्टेरॉइड?"

"मला वाटतं, हो. पण नक्की माहीत नाही."

"पक्का चाहिए. स्टेरॉइड था और बंद हुआ है, तो अभी देना पड़ेगा, नहीं तो जाएगी. नहीं था और अंदर कोई बड़ा इन्फेक्शन है, तो देकर मैं और बिगाड़ दूँगा. घरवालों से पूछिए. जल्दी."

घरचे दारातच होते. शकुनबाई, आणि वैशालीची सासू, एक जाडजूड, गुडघे धरून चालणारी बाई. डॉक्टरांनी विचारले. शकुनबाई म्हणाल्या, "नाई जी. काहीच नाई. सुई-बिई काही नाई घेतली पोरीनं." सासूकडे न बघता म्हणाल्या, म्हणून मला कळले.

मी त्यांना हाताला धरून नळापाशी नेले. "शकुनबाई, खरं बोला. पोरगी मरते आहे."

त्या रडत नव्हत्या. सासू दारापाशीच आहे ना, ते त्यांनी वळून पाहिले. मग म्हणाल्या, "सुया लावून फुगवलेली पोरगी देल्ली म्हंतीन, वहिनी. टाकून देतीन तिले. मंग जगून तरी काय करन ते?"

"आधी जगू द्या."

"मले काही मालूम नाई," त्या म्हणाल्या आणि दाराकडे बघू लागल्या. कोणाची तरी वाट पाहत होत्या. ते मला दोन मिनिटांनी समजले, जेव्हा बाकावरची माणसे उठून उभी राहू लागली आणि कोणीतरी म्हणाले, "डाक्टर आले."

पांढरा शर्ट, काळी रेक्झिनची पिशवी, पायांत स्वच्छ चपला. शकुनबाईंनी दवाखान्यात यायच्या आधी त्यांना फोन केला होता. भाऊ सरळ खाटेपाशी आले, वैशालीचे मनगट हातात घेतले, डोळे मिटले, उघडले.

"पोरगी कमजोर पडली, सिस्टरबाई," ते म्हणाले. "एक सुई लावू द्या. संध्याकाळलोक उठून बसन."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. कारण ते बरोबर होते. त्या पोरीला त्या क्षणी जगात कशाची गरज असेल तर ती त्यांच्या पिशवीतल्या औषधाची, आणि ती गरज त्यांनीच सहा महिने बसून तयार केली होती. आणि आपण बरोबर का आहोत याचा त्यांना पत्ता नव्हता. या एका गोष्टीसाठी मी त्यांना कधी माफ करणार नाही. चुकणारी माणसे मी खूप पाहिली आहेत.

"कोणती सुई, भाऊ?"

"ताकदीची."

"औषधाचं नाव सांगा."

"नावाले काय करता जी? औषध तं सगळ्यायपाशी सारखंच असते. हात पायजे."

"नाव."

ते घुटमळले. पिशवीकडे बघितले, मग माझ्याकडे. "पिवळ्या टोपनाची," ते म्हणाले.

मी थक्क झाले. हा माणूस नाव लपवत नव्हता. त्याला ते आठवत नव्हते. वर्षानुवर्षे लेबले सोलता सोलता नाव त्याच्याही हातून गळून गेले होते. दुकानदाराला रिकामा खोका दाखवायचा, भरलेला घ्यायचा, पिवळी टोपणे मोजायची. ज्या औषधाच्या जोरावर बारा गावे त्याच्या पाया पडत होती ते कोणते, हे त्याला सांगता येत नव्हते. कारण त्याच्या मते ते औषध नव्हतेच. तो त्याचा हात होता.

मी पिशवी ओढून घेतली आणि ड्रेसिंगच्या टेबलावर उलटी केली. वीसेक नागड्या शिश्या घरंगळल्या, दोन खाली पडून फुटल्या. कापूस, पिचकाऱ्या, विड्याचे पान, एक कंगवा. आणि तळाशी, अजून न भिजवलेली, कोरी करकरीत एक शिशी, तेच पिवळे टोपण, लेबलासकट. मी मोठ्याने वाचले. डेक्सामेथासोन. शिशी डॉक्टरांच्या हातात दिली आणि तिथूनच, सासूसमोर, शकुनबाईंना विचारले, "कवापासून? आठवड्यातून किती?"

"दिवाळीपासून," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आठवड्याले दोन."

डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन मागितले, त्याच जातीचे पण अशा वेळी द्यायचे औषध. शिरा बसलेल्या होत्या. मला घोट्यापाशी एक सापडली. मी औषध देत होते तेव्हा मागून सासूचा आवाज आला.

"कापगते डाक्टरच्या सुया? मंग आधी सांगाचं नाई काय वो इहीनबाई? मी बी त्याईच्याच सुयायवर आहे, दोन साल झाले. गुडघ्यासाठी. इतक्या दूर येतो आमी."

शकुनबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. ज्या लाजेपायी त्यांनी मुलीचा जीव पणाला लावला होता, ती लाज समोरच्या बाईच्या दंडात आठवड्याला टोचली जात होती. डॉक्टरांनी वर न बघता म्हटले, "माताजी, आप कल सुबह मेरे पास आइए. और तब तक कुछ भी अपने मन से बंद मत कीजिए." सासूला वाटले, डॉक्टरांनीही त्या सुईची शिफारस केली.

मग मी बोलले. भाऊंना जे जे सांगायचे ते सगळे, फिरतूजीच्या पायापासून. माझा आवाज चढला होता असे मुली नंतर म्हणाल्या. भाऊ मान हलवत होते. ऐकताना त्यांनी वैशालीचे मनगट सोडले नव्हते. मी त्यांना बाहेर काढायला हवे होते. पण घोट्यातली सुई निसटू नये म्हणून मी पाय धरून बसले होते, आणि उठता येत नव्हते.

चारच्या सुमारास रक्तदाब वर आला. साडेचारला वैशालीने डोळे उघडून पाणी मागितले. पाचला ती उशीला टेकून बसली आणि आईला म्हणाली, भूक लागली.

भाऊंनी तेव्हा मनगट सोडले. दाराशी जमलेल्या माणसांकडे वळून ते म्हणाले, "मी आलो तवा नाडी नव्हती जी. आता पाहा." आणि आपल्या शिश्या गोळा करू लागले. त्या मी दिल्या नाहीत. डॉक्टरांनी ठेवून घेतल्या. त्याचे त्यांना काही वाटले नाही. पिवळी टोपणे कुठेही मिळतात.

मी लेखी तक्रार केली, सहीनिशी. डॉक्टरांनी आपला कागद जोडला. सरकारी माणसे आली, भाऊंच्या दवाखान्याच्या दाराला कागद चिकटवून, लाख लावून गेली. सील दाराला होते. भाऊ ओसरीत बसू लागले. नंतर कळले की रांग वाढली. मेलेल्या पोरीला बालाघाटच्या दवाखान्यात जाऊन, नुसते मनगट धरून उठवले, ही गोष्ट तोपर्यंत वारासिवनीपर्यंत पोहोचली होती.

वैशालीला डॉक्टरांनी त्याच जातीच्या गोळ्या सुरू केल्या, आणि त्या कमी कशा करायच्या याचा कागद करून दिला. महिन्या-महिन्याने थोडे कमी, म्हणजे झोपलेल्या ग्रंथींना हाका मारत उठवायचे. मध्येच बंद करायच्या नाहीत. ताप, उलटी झाली तर लगेच यायचे. एक कार्डही दिले, पर्समध्ये ठेवायला, की ही बाई स्टेरॉइडवर आहे. सासरच्यांनी तिला टाकले नाही. टाकायचे कारण त्यांना कधी समजलेच नाही. गाल उतरू लागले तशी सासू फक्त एवढे म्हणाली, सूनबाई खात नाही नीट.

भाऊंना मी शेवटचे पाहिले ते बालाघाटच्या बसस्टँडवर. वैशालीची तपासणी करून मी तिला सासरच्या बसमध्ये बसवायला आले होते. दुपारची वेळ, धानाची पोती चढत होती. भाऊ दुसऱ्या एका बसमधून उतरले. केस पिकले होते, शर्ट तोच पांढरा. मी मान फिरवली, पण वैशालीने त्यांना पाहिले होते. मी काही म्हणायच्या आत ती पुढे गेली आणि वाकून, दोन्ही गुडघे टेकून, त्यांच्या पाया पडली.

आणि उठेना. हे औषध मांड्यांचे मांस खाऊन टाकते, आणि ते भरून यायला महिने लागतात. खाली बसलेल्या माणसाला उभे राहणे जमत नाही. शाळेत पहिली धावणारी पोरगी त्या धुळीत हात टेकून, एक गुडघा वर घेऊन पाहत होती, पुन्हा टेकवत होती, आणि लाजून हसत होती. मी तिच्या काखेत हात घालून तिला उभी केली.

भाऊंनी तिच्याकडे निरखून पाहिले. माझ्याकडे नाही. जुने कंपाउंडर पाहतात तसे, डोके किंचित कलते करून.

"अजून कमजोरी आहे," ते म्हणाले. "गुरुवारी येजो."

"हौ जी," वैशाली म्हणाली.

तिला बसमध्ये चढवून मी खाली उतरणार होते. माझी ड्यूटी होती. मी उतरले नाही. दवाखान्यात फोन करून सांगितले की आज येत नाही, आणि तिच्या शेजारी बसले. सासूशी बोलायचे होते, नवऱ्याशी बोलायचे होते, आणि गुरुवारी ही पोरगी घराबाहेर पडणार नाही याची व्यवस्था करायची होती. बस सुटायची वेळ होऊन गेली तरी सुटेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी खिडकीतून पाहिले, तर आमचा कंडक्टर खाली भाऊंसमोर उभा होता, आणि शर्टाची बाही वर सारून त्यांना आपला कोपर दाखवत होता.